सापळ्यातला शब्द

ये. म. यो.
प्रेस्टन, ३० सप्टेंबर १९७४

चि. उर्सुला हिस विनिफ्रेड आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी पोचली. पत्राच्या माथ्यावर 'ये. म. यो.' नव्हते. येशू, मरिया आणि योसेफ या तिघांना तीन अक्षरांत वर बसवायला अशी कितीशी शाई लागते? कॉन्व्हेंटात आमच्या बोटांवर पट्टी मारून नन्सनी ही सवय लावली. तुम्हाला कुणी मारले नाही, त्याचे हे फळ.

इकडे सर्व ठीक. गुडघा हवामान खात्यापेक्षा भरवशाचा झाला आहे. शुक्रवारी मांस नाही, म्हणून नेहमीप्रमाणे बटाटा-कांदा भरून भट्टीत भाजलेला बटर पाय केला. एकटीला तो उरतोच, मग शनिवारीही तोच खाते. कडेचा करपलेला भाग तुझा असायचा, तो आता चिमण्यांना जातो. शेजारच्या मिसेस ग्रीनहॉल यांच्या दारी परवा एक सभ्य गृहस्थ आला. तुमच्या छपराची कौले सुटली आहेत म्हणाला, शिडीवर चढला आणि फुटके कौल हातात घेऊन उतरला. बाई घाबरल्या. मी कुंपणावरून विचारले की हे कौल लाल कसे, आमच्या आळीत तर सगळी छपरे काळ्या पाटीची. गृहस्थ शिडी घेऊन जो गेला तो अजून सापडलेला नाही. फुटके कौल पिशवीत घालून फिरायची ही युक्ती माझ्यासमोर न्यायालयात पहिल्यांदा अडतीस साली आली होती. चौतीस वर्षे साक्षी उतरवून घेतलेल्या बाईच्या शेजारी राहून माणसाने असे फसावे?

त्या चौतीस वर्षांत मी दुसरे काय जमवले हे तुला ठाऊक आहेच. स्विंडल, डिडल, बँबूझल, हंबग. डोळ्यांवर टोपडे ओढायचे ते हूडविंक. राजाचे अधिकारी लोकांच्या जमिनी हडपायचे, त्यांच्या हुद्द्यावरून आलेला चीट. आपल्या लोकांना खरे बोलायला एकदोन शब्द पुरतात, लबाडीला मात्र चारशे बारा लागले. ते चारशे बारा मी गेल्या वर्षी पुस्तकात छापले. सात वर्षे माझ्या घरी राहून शाळा शिकलेली मुलगी आता विद्यापीठाच्या बोलीकोशासाठी खेडोपाडी टेपरेकॉर्डर घेऊन हिंडते आणि फसवणुकीचे शब्द वेगळे काढून मला पाठवते, याचा मला अभिमान वाटला. बासष्ट शब्द मी मान डोलवत वाचले. त्रेसष्टावा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

फिंड्रल. अर्थ, आजारी किंवा दुःखी माणसाला धीर राहावा म्हणून त्याला फसवणे. सांगणारी मिसेस पार्किन्सन, वय पासष्ट, पिलिंग.

उर्सुला, असा शब्द जगात नाही. तो मी रचला आहे. आमचे छापखानेवाले मिस्टर थ्रेलफॉल म्हणाले होते की बाई, नकाशे काढणारे नकाशात एखादी नसलेली गल्ली घालतात आणि कोशवाले एखादा नसलेला शब्द घालतात, म्हणजे आयते उतरवणारा चोर त्या गल्लीसकट सापडतो. मला ते पटले. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी हा शब्द केला. दहा मिनिटेही लागली नाहीत, तोंडात आपोआप आला. सापळा लावला होता परक्या प्राध्यापकांसाठी. त्यात सापडली माझ्या भावाची मुलगी.

पुस्तकातून घेतलेस तर घेतलेस म्हणायचे होते. एका गरीब म्हातारीच्या तोंडी घालून टेपवर ऐकले म्हणून सांगणे याला माझ्याकडे एकोणीस शब्द आहेत, एकही चांगला नाही. या यादीवर तुझी नोकरी कायम व्हायची आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगते. सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत, तू स्वतः तुमचे कोशप्रमुख प्रा. ऑल्डर्सन यांना खरे सांग. नाही तर मी सांगेन.

ऑस्टिन आज नाही हे बरे, असे तुझ्या बापाविषयी मला पहिल्यांदाच वाटले.

रागावले म्हणून लोभ आटला असे समजू नये.
विनिफ्रेड आत्या


ये. म. यो. (मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय दिसावं म्हणून)
केंडल, ४ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उभी राहून तीनदा वाचलं. घरमालकीणबाई दोनदा विचारून गेल्या की कुणी गेलं का गं. मी म्हटलं, अजून नाही.

सोबत रजिस्टर पार्सलनं तुझं पुस्तक परत पाठवतेय. तू स्वतःच्या हातानं नाव घालून दिलेली प्रत आहे. मिस्टर थ्रेलफॉल पानं कापून देत नाहीत, आपण सुरीनं कापायची असतात, हे तुला माहीत आहे. आता उघडून बघ. ए, बी, सी, डी कापलेलं आहे. ई अर्धं. पुढची पानं, फिंड्रलचं एफसुद्धा, छापखान्यातून आली तशीच जोडलेली आहेत. रोज एक अक्षर वाचायचा नेम केला होता, तो पाचव्या दिवशी मोडला. तुला हे कधीच सांगणार नव्हते. पण चोर ठरण्यापेक्षा आळशी ठरलेलं बरं.

आत्या, मिसेस पार्किन्सन खरंच आहेत. पिलिंगला, खाडीकडच्या दलदलीच्या रानात, सुनेबरोबर राहतात. साठ कोंबड्या आहेत आणि प्रत्येकीशी वेगळं भांडण आहे. मला डबीतली लोणी घातलेली कोळंबी खायला घातली आणि मी बारीक झालेय असं, पूर्वी कधी पाहिलेलं नसताना, म्हणाल्या. मी माझ्या प्रश्नावलीतला प्रश्न विचारला की गोड बोलून फसवण्याला तुमच्याकडे काय म्हणतात. त्यांनी सात शब्द दिले, सातही हसत हसत. मग किटली ठेवायला उठल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या की एक फिंड्रलही असतं, पण ते तुझ्या या यादीत बसायचं नाही बघ, ते वाईट नसतं. हे टेपवर आहे. किटलीचा आवाजही आहे.

तू म्हणतेस असा शब्द जगात नाही. मी तो कानानं ऐकलाय. आता काढून टाकला तर चोरी कबूल केल्यासारखं होईल आणि ठेवला तर तुझं पत्र जाईल. प्रा. ऑल्डर्सन भले माणूस आहेत, पण बनावट नोंद केली म्हणून दोन वर्षांपूर्वी एकाला त्यांनी एका दिवसात घालवलं होतं. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण दर शुक्रवारी पायची करपलेली कड माझ्यासाठी काढून ठेवणारी बाई मला चोर समजते, हे घेऊन मी कुठे जाऊ?

पुस्तक मिळाल्याचं कळव. जमलं तर आणखीही काही कळव.
तुझी, तू मान वा न मान,
उर्सुला


ये. म. यो.
प्रेस्टन, ८ ऑक्टोबर

चि. उर्सुला हिस आशीर्वाद.

पुस्तक पोचले. एफपासून झेडपर्यंत सगळी पाने जोडलेली आहेत, मी स्वतः मोजली. लेखिकेचा इतका सविस्तर अपमान आजवर कुणी केला नसेल.

पण हा पुरावा टिकत नाही. गेल्या ईस्टरला तू चार दिवस इथे होतीस आणि माझी स्वतःची प्रत टेबलावर उघडी पडलेली होती. शिवाय दुसरी एक शक्यता आहे, ती तुझ्या बाजूची आहे म्हणून सांगते. पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयात आहे. तुझ्या मिसेस पार्किन्सनने ती वाचली असेल आणि शहरातून आलेल्या पोरीची गंमत करावी म्हणून तो शब्द तुझ्या पदरात घातला असेल. खेड्यातल्या म्हाताऱ्या वाटतात तितक्या साध्या नसतात. मी अशा कितीतरी साक्षीदार पाहिल्या आहेत, शाल सावरत सरळ डोळ्यांत बघून खोटे सांगतात.

तेव्हा पुन्हा जा. न्यायालयात विचारतात तेच तीन प्रश्न तिला विचार. हा शब्द तुला कुणाकडून मिळाला? तो तू कुणाला लावलास? कधी? जो खोटे सांगतो तो पहिल्याला उत्तर देतो, दुसऱ्याला अडखळतो आणि तिसऱ्याला चिडतो.

तारीख तीच, एक नोव्हेंबर.

थंडी पडू लागली आहे. लोकरीचे मोजे घालत जा. भांडण मोज्यांशी नाही.
विनिफ्रेड आत्या


ये. म. यो.
केंडल, २० ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल पिलिंगला जाऊन आले. तीन तास टेप चालू होती. काल जे ऐकलं ते माझ्या यादीपेक्षा मोठं आहे, म्हणून जसं सांगितलं तसंच लिहितेय.

आधी पुस्तकाचं विचारलं. मिसेस पार्किन्सन म्हणाल्या की पुस्तकबिस्तक मी कधी वाचणार बाई, या भवान्या वाचू देतील तेव्हा ना. भवान्या म्हणजे कोंबड्या. तुझं नाव घेऊन मी विचारलं नाही, कारण साक्षीदाराला उत्तर सुचवायचं नसतं हे तूच शिकवलंयस. नुसतं म्हटलं की फसवणुकीच्या शब्दांवर एका बाईंनी पुस्तक काढलंय. त्यावर म्हणाल्या, काय मेला विषय.

मग तुझा पहिला प्रश्न. शब्द आजीचा. त्यांचे आजोबा अंथरुणाला खिळले होते आणि दर तासाला विचारायचे की गाय व्याली का. गाय वासरासकट मेली होती. आजीनं सांगितलं की व्याली हो, तांबूस कालवड झालीय, कपाळावर चांदणी आहे. आजोबांनी कालवडीचं नावही ठेवलं आणि त्याच रात्री गेले. आजी मग सगळ्यांना सांगायची की मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही, मी त्यांना फिंड्रल केलं. आजीच्या गल्लीत तो शब्द दोनचार घरांत होता, आता कुणाकडे नसेल.

दुसरा प्रश्न विचारला, की तुम्ही हा शब्द कधी कुणाला लावलात. आत्या, त्या अडखळल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या उठल्या, दार लावून घेतलं, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि म्हणाल्या की एकदाच. शाळेत. नऊ वर्षांची होते.

त्या कॉन्व्हेंटात निवासी होत्या. लाल तापानं आठ मुली आजारी पडल्या, त्यांना वरच्या मजल्यावर वेगळं ठेवलं होतं. कुणाला भेटायची परवानगी नव्हती. रविवारी मुलींच्या आया खाली चेस्टनटच्या झाडापाशी उभ्या राहून हात हलवायच्या. यांची खाट खिडकीशी होती. शेजारची मुलगी भिंतीकडे, तिला मान उचलायचीही ताकद नव्हती. त्याच दिवसांत फ्लूची साथ आली आणि त्या मुलीची आई गेली. बाप फ्रान्समध्ये लढाईवर. सिस्टर वॉलबर्गा म्हणून नन होत्या, त्यांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं की ही बातमी आत्ता कळली तर पोर हातची जाईल, तू तोंड आवर. यांनी तोंड आवरलं नाही, उलट उघडलं. मुलगी विचारायची की आई आली का, आणि या खिडकीबाहेर बघून सांगायच्या की आली गं, हिरवी हॅट घातलीय, हात हलवतेय. झाडाखाली कुणी नसायचं.

मुलगी बरी झाली. मग तिला खरं कळलं. मिसेस पार्किन्सन म्हणाल्या की तिनं माझ्या कानाखाली अशी वाजवली की अजून थंडीत तो कान बोलतो. मी रडत तिला सांगत होते की अगं मी खोटं नाही बोलले, फिंड्रल केलं तुला. ती म्हणाली, तू लबाड आहेस. पुढची सात वर्षं एकाच वर्गात बसलो, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाला चिडल्या नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकोणीसशे अठरा, लढाई संपली त्याच दिवसांत. मुलीचं नाव विचारलं तर म्हणाल्या, कशाला तिला आता त्रास? शहाणी झाली असेल, कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर असेल, तिचं गणित आणि तिची जीभ दोन्ही धारदार होतं.

मी टेप बंद केली. आता तू काय ते ठरव. पत्र पाठवायचं तर पाठव, पण त्या खोटं बोलत नव्हत्या, एवढं मी शपथेवर सांगते.

मोजे घातलेत.
उर्सुला


ये. म. यो.
प्रेस्टन, २२ ऑक्टोबर

माझ्या बाळा,

प्रा. ऑल्डर्सन यांना लिहून ठेवलेले पत्र मी आज सकाळी शेगडीत टाकले. ते चांगले लिहिले होते, छान जळले.

तिला मिसेस पार्किन्सन म्हणून मी ओळखण्याचे कारण नव्हते. शाळेत ती हेस्टर व्हाइटसाइड होती. खिडकीकडची खाट तिची. भिंतीकडची माझी.

तुला तुझ्या आजीविषयी मी कधी काही सांगितले नाही. तुझ्या बापालाही नाही. ती गेली तेव्हा ऑस्टिन सात महिन्यांचा होता, त्याला आठवण असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्याकडे जी होती ती मला कुणाला द्यायची नव्हती. तिचे नाव हॅना. टोप्यांच्या दुकानात ती हॅटी सजवण्याचे काम करी. चोवीस ऑक्टोबरला, गुरुवारी, ती गेली. मी त्यानंतर तीन रविवार तिची वाट पाहत पडून होते आणि तीनही रविवारी ती आली असे मला सांगण्यात आले. त्याच्या आधीच्या रविवारीही सांगण्यात आले होते. पण माझ्या आजीकडून नंतर कळले की त्या रविवारी सकाळपासूनच आईला ताप होता. म्हणजे तोही खोटाच. असे चार रविवार.

माझा राग कशाचा होता हे मला तेव्हाही सांगता आले नसते. मुलींना वाटले, आई गेली म्हणून. तसे नव्हते. आई गेली त्या दिवसांत मी रडायला हवे होते, आणि मी मात्र भिंतीकडे बघत हसत होते, कारण खाली हिरवी हॅट हात हलवत होती. माझे रडणे कुणीतरी चोरले होते. त्यानंतर मी पन्नास वर्षे चोरांची नावे जमवली. चारशे बारा.

आणि त्यातल्या चारशे अकरा शब्दांना साक्षीदार आहेत. एकाच शब्दाला नव्हता, कारण तो मी रचला असे मी समजत होते. तोंडात आपोआप आला तेव्हाच मला कळायला हवे होते. आपोआप येते ते रचलेले नसते. तिने रडत रडत सांगितलेला शब्द मी ऐकलाच नाही असे वाटत होते. कानाने ऐकला होता. मी नव्हता ऐकला.

तुला चोर म्हटले. नऊ वर्षांची असताना एकीला लबाड म्हटले आणि पासष्टाव्या वर्षी दुसरीला. मधल्या काळात काही शिकले नाही असे दिसते. ही क्षमायाचना आहे. ती नीट मांडायची सवय नाही, तेवढे समजून घे.

तुझी
आत्या

ता. क. पुस्तकाची तुझी प्रत परत पाठवत आहे. पाने मी कापली आहेत. आता सबब नाही.


ये. म. यो.
प्रेस्टन, २४ ऑक्टोबर

प्रिय हेस्टर हिस,

सप्रेम नमस्कार लिहिण्याचा मला हक्क आहे का हे माहीत नाही. लिहीत आहे.

तुझ्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन आलेली मुलगी माझ्या भावाची, ऑस्टिनची. तिला हे माहीत नव्हते, तुलाही नव्हते. तू माझे नाव सांगितले नाहीस. छप्पन्न वर्षांपूर्वी कानाखाली खाल्लेल्या बाईने मला त्रास नको म्हणून माझे नाव झाकून ठेवावे, याला माझ्या पुस्तकात शब्द नाही. खरे तर एक आहे. तो तुझा आहे आणि मी तो माझा म्हणून छापला. ती चोरीही मीच केली आहे.

आज आईचा दिवस. सकाळी तिच्या आत्मशांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा सांगितली आणि या वर्षी पहिल्यांदाच सिस्टर वॉलबर्गा यांचेही नाव घातले. तुझे घालणार होते, पण तू जिवंत आहेस हे वेळेवर आठवले.

तुझी माफी मागते. याहून लांब वाक्य मला येत नाही.

आता एक प्रश्न. चौतीस वर्षे मी न्यायालयात साक्षी उतरवून घेतल्या आणि हा प्रश्न मला परवा सुचला. हिरव्या हॅटचे तू कसे सांगितलेस? मी तुला ते सांगितले असेल असे मी आजवर धरून चालले होते. पण माझी आई आयुष्यभर काळी हॅट घाले. हिरवी तिने मी शाळेला गेल्यावर, त्या ऑक्टोबरात, स्वतःसाठी केली. मी ती पहिल्यांदा पाहिली ती घरी गेल्यावर, कपाटात. मग तुला कशी ठाऊक?

उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नकोस. कान कसा आहे तेवढे तरी कळव.

तुझी वर्गभगिनी
विनिफ्रेड कॅटरॉल


ये. म. यो.
पिलिंग, २९ ऑक्टोबर

विनी गं,

नमस्कार कसला घालतेस, तू काय बिशप आहेस? तुझं पत्र सुनेनं आणून दिलं आणि माथ्यावरची ती तीन अक्षरं बघूनच मला कळलं की हे आमच्यातलं कुणीतरी. मी पण घातलीत बघ, पन्नासेक वर्षांनी. बोटं आपोआप पाठीमागे गेली, पट्टी येईल म्हणून.

कान थंडीत ठणकतो आणि पाऊस यायच्या आधी दिवसभर सांगतो. गावातले लोक गवत कापायच्या आधी मला विचारून जातात. तेव्हा तुझी थप्पड काही वाया गेली नाही.

तुझी ती मुलगी गुणी आहे. डोळे तुझे आहेत, जीभ नाही, देवाची कृपा. तिला कोळंबीची डबी दिली होती, तुझ्यापर्यंत पोचली नसणार.

आता तुझा प्रश्न. तू विचारशील म्हणून मी सात वर्षं वर्गात वाट पाहिली. मग वाटलं, हिला माहीतच असेल. विनी, मी तुला तीन रविवार फिंड्रल केलं. चार नाही.

पहिल्या रविवारी ती आली होती. बाकीच्या आया निघून गेल्यावर, अगदी शेवटी. हिरवी हॅट होती, बाजूला करड्या रंगाचं पीस. चालताना मधेच थांबत होती. झाडापर्यंत आलीच नाही, फाटकाच्या दगडी खांबाला धरून उभी राहिली. आता कळतं, ताप होता बिचारीला. हात हलवला. मी तुला म्हटलं, आई आली गं, हिरवी हॅट घातलीय. ते अगदी खरं होतं. पुढच्या तीन रविवारी मी तीच हॅट आणि तोच हात पुन्हा पुन्हा सांगितला. मला दुसरं काही रचताच आलं नाही, आजीसारखी मी हुशार नव्हते.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नव्हती. हात हलवून झाल्यावर तिनं डोक्यावरची हॅट काढली आणि फाटकाच्या खांबावर ठेवली. अशी नीट, डोक्यावर बसवतात तशी. मग त्या खांबासमोर कंबरेतून वाकून नमस्कार केला आणि त्याच्याशी काहीतरी बोलली. बोलून वर आपल्या खिडकीकडे बघून हसली. मग हॅट घालून गेली. मला वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली की काय. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस की आईला वेड लागलं. म्हणून ते गिळलं. पुढच्या तीन रविवारांतही कधी घातलं नाही. खांबाशी बोलणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवेल?

त्याचा काही अर्थ असला तर तुला ठाऊक. नसला तर म्हातारीची बडबड म्हणून सोडून दे.

कोंबड्या ओरडायला लागल्यात. येऊन जा कधीतरी. दुसरा कान शाबूत आहे, भ्यायचं कारण नाही.

तुझीच
हेस्टर


ये. म. यो.
प्रेस्टन, १ नोव्हेंबर

चि. उर्सुला हिस अनेक आशीर्वाद.

आज सर्व संतांचा सण. मी तुला दिलेली मुदत आज संपते. म्हणून आजच लिहिते.

सोबत हेस्टरच्या पत्राची नक्कल आहे. मूळ मी कुणाला देणार नाही, विद्यापीठालाही नाही. ते आधी वाच आणि मग पुढचे.

आमच्या घरी जिन्याच्या तळाशी लाकडी खांब होता, वर गोल डोके असलेला. आई रोज संध्याकाळी कामावरून आली की आपली हॅट काढून त्या खांबाला घाली, त्याच्यासमोर कमरेत वाकून नमस्कार करी आणि विचारी की काय मिसेस खांब, आज आमची विनी कशी वागली? मग खांब काय म्हणाला ते मीच जिन्याच्या मागे लपून बारीक आवाजात सांगायचे. रोज तेच. बाबांना हे माहीत नव्हते, आजीला आवडले नसते. मी हे हेस्टरला कधी सांगितले नाही. जगात कुणालाच सांगितले नाही. तू पहिली.

साक्षीदाराला जे माहीत असणे शक्यच नव्हते ते तिने सांगितले आहे. माझ्या न्यायालयात हे पुरेसे होते.

म्हणजे ती आली होती. अंगात ताप घेऊन, नवी हॅट घालून आली होती, आणि मी कशी वागते हे फाटकाला विचारून गेली. छप्पन्न वर्षे मी तो रविवार लबाडांच्या यादीत घालून ठेवला होता. काल दुपारी खुर्चीत बसून मी भरपूर रडले. मिसेस ग्रीनहॉल कुंपणावरून विचारत होत्या की गुडघा का. मी हो म्हटले. त्यांना फिंड्रल केले.

आता तुझ्या कोशाचे. नोंद अशी कर. फिंड्रल, क्रियापद. सांगणारी हेस्टर पार्किन्सन, माहेरची व्हाइटसाइड. तारीख माहीत असलेला पहिला उपयोग सत्तावीस ऑक्टोबर १९१८, रविवार. वीस ऑक्टोबर लिहू नकोस, त्या दिवशी ती खरे बोलत होती. माझ्या पुस्तकाचा उल्लेख नको. ग्रंथालयातल्या प्रतीत मी आज जाऊन त्या शब्दापुढे पेन्सिलने 'उसना' असे लिहून आले. तिथल्या बाई रागावल्या. पुस्तकावर लिहिणाऱ्यांना मीही रागावलेच असते.

पिलिंगहून हेस्टर परवाच्या रविवारी इथे येणार आहे, सून आणून सोडेल. तूही ये. पाय करणार आहे, रविवार असला तरी. करपलेली कड दोघींत वाटून घ्यावी लागेल. कोळंबीच्या डबीचे काय झाले तेही त्या वेळी सांगावे.

आणि येताना फाटकाच्या खांबावर हिरवी हॅट दिसली तर हसू नकोस. आईची आहे, पीस थोडे झडले आहे. तिला नमस्कार कर आणि मी कशी वागले ते तिला खरे खरे सांग.

तुझा लोभ परत मिळावा, एवढेच मागणे.
विनिफ्रेड आत्या